पांढऱ्या खिडकीतली बॅग

स्टुडिओच्या कपाटातून जुनी लेन्स नाहीशी होऊन दोनच तास झाले होते. तपासनीस हवालदाराला घेऊन पोहोचला तोवर चोर सापडलाही होता, निदान फोटोत.

"ही बघा," स्टुडिओचे मालक अण्णा म्हणाले. संगणकाच्या पडद्यावर दुपारी बारा वाजता काढलेला एका कुटुंबाचा फोटो होता. मागच्या खिडकीबाहेर, अंगणातून, एक बाई लेन्सची बॅग खांद्याला अडकवून निघाली होती. पट्ट्याचे बक्कलही स्पष्ट दिसत होते.

ती बाई आता दारापाशी उभी होती. अठरा वर्षे अण्णांच्या हाताखाली घडलेली शिष्या. उद्या तिला निम्मी भागीदारी मिळायची होती.

"बारा वाजता मी वर प्रिंट कापत होते," ती म्हणाली.

"कोणी पाहिलं?"

"प्रिंटनी."

तपासनीस अण्णांकडे वळला. "खिडकी मुळात अशीच आली होती?"

"छे! पांढरीफटक. मी नुसता अख्खा फोटो गडद करत गेलो आणि ही बया उमटली. चाळीस वर्षं डार्करूममध्ये पांढऱ्यातून माणसं बाहेर काढलीत मी."

"दुसरा काही बदल?"

"केसाइतकाही नाही."

तपासनिसाने पडद्यावर खिडकीशेजारी बसलेल्या आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर निरखली. राखाडी, सपाट. ना वीण, ना शिवण.

"कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड द्या."

"घ्या की. पांढरीच दिसेल."

कार्ड तपासून तो सावकाश म्हणाला, "शेजारी सांगतात, बारापासून तुम्ही स्टुडिओबाहेर पडलेले नाहीत, अण्णा. लेन्स तुमच्या डार्करूममध्येच असावी."

"काय बोलताय?"

"फिल्मवर उजेड जास्त झाला, तरी बराच तपशील निगेटिव्हच्या दाट काळ्यात दडून राहतो. प्रिंट करताना तो ओढून आणता येतो. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असतो तो सेन्सर म्हणजे बादल्यांची रांग; त्यांत उजेड साठतो. बादली काठोकाठ भरली की पुढचं सारं वाहून जातं; किती पडलं, याची नोंदच राहत नाही. मूळ फाइलमध्ये या खिडकीचा प्रत्येक बिंदू, तिन्ही रंगांत, कमाल आकड्यावर अडकलाय. तो गडद केला तर फक्त राख मिळेल, या कॉलरसारखी. कॉलर तर खिडकीहून कमी उजळ. तिथे एक टाका सापडत नाही आणि खिडकीत बक्कल सापडतं? ती आकृती जुन्या फोटोतून आणून चिकटवलीय. आणि ती 'उमटली' असं सांगणारे तुम्ही एकटेच."

हवालदाराने डार्करूममधून लेन्स आणली. ट्रेच्या मागे, अण्णांच्याच रुमालात गुंडाळलेली.

"का, अण्णा?" शिष्येने विचारले.

अण्णांनी मान वर केली नाही. "जावयाला स्टुडिओ हवाय. तुला चारचौघांत शब्द दिला होता. मागे घ्यायला तोंड नव्हतं."

"म्हणून माझं काळं केलंत."

ती पडद्याजवळ आली. आकृतीवर बोट ठेवले.

"बाबा गेले त्या आठवड्यातला आहे हा फोटो. मी काम सोडायला निघाले होते. ही बॅग तुम्हीच माझ्या खांद्याला अडकवलीत. म्हणालात, ऊठ पोरी, उजेड थांबत नाही."



तिने स्टुडिओच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ती अंगणातून चालत गेली. ऊन कलले होते. खिडकीतून ती स्वच्छ दिसत होती. खांदा रिकामा होता.