चंद्रशाळेच्या पानावरचा बदाम

निहिरानं कुणालाही काही सांगितलं नव्हतं. मग पालवीला कळलं कसं?

पालवी तिची पहिलीपासूनची जिवलग मैत्रीण. आज सकाळी ती उठून दुसऱ्याच बाकावर जाऊन बसली. "चंद्रावर शिकायला चाललीस ना? मग रोव्हरच्या स्पर्धेला जोडीदारही तिकडचीच शोध," एवढंच बोलली. चंद्रशाळेच्या वेबसाइटवरचं प्रवेशाचं पान निहिरानं काल गुपचूप वाचलं होतं खरं, पण ते आईलासुद्धा ठाऊक नव्हतं.

घरी येताच तिनं दगडूला धरलं. दगडू हा घरातला यंत्रमानव. आणला तेव्हा चार दिवस जागचा हलला नव्हता, म्हणून आजोबांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं.

"चुगली तूच केलीस."

"नाही, निहिराताई. त्या पानावर तुम्ही काय काय केलंत?"

"वाचलं. आवडलं म्हणून खालचा बदाम दाबला. पण तो चंद्रशाळेचा होता."

"तो कट्ट्याचा होता."

निहिरा आणखीच गोंधळली. कट्टा म्हणजे मुलांनी गप्पा मारायचं समाजमाध्यम. काल तर तिनं तो उघडलाही नव्हता.

"तुमच्या शाळेच्या मैदानात आत्माराम कुल्फीवाले गाडी लावतात," दगडू म्हणाला. "मैदान शाळेचं. गाडी कोणाची?"

"आत्मारामकाकांची."

"मग तिथं तुम्ही काय खाल्लंत ते कोणाला कळतं?"

"काकांना. आणि त्यांच्या तोंडून अख्ख्या गल्लीला."

"तसंच हे. चंद्रशाळेनं आपल्या पानावर कट्ट्याचं विजेट (दुसऱ्या वेबसाइटकडून येणारा छोटा तयार तुकडा) बसवलंय. मजकूर चंद्रशाळेकडून येतो, बदाम कट्ट्याकडून."

"पण मीच दाबला हे त्याला कसं कळलं?"

"तुम्ही कट्ट्यावर लॉग-इन (ओळख देऊन आत शिरणं) केलंत, बाहेर मात्र पडला नाहीत. कट्ट्यानं तेव्हाच ब्राउझरपाशी कुकी (ओळख सांगणारी बारीकशी चिठ्ठी) ठेवली होती. ब्राउझर बदाम आणायला गेला, की ती चिठ्ठीही दाखवतो. तुम्ही बदाम दाबलात आणि कट्ट्यानं मैत्रिणींना कळवलं."

"नुसतं वाचलं असतं तर?"

"मैत्रिणींना कळलं नसतं. कट्ट्याला मात्र कळू शकलं असतं."

निहिराला हे काही पटेना. दगडूनं कट्ट्यातून लॉग-आउट करून तेच पान पुन्हा उघडलं. मजकूर जसाच्या तसा होता, पण बदाम फिका पडला होता. पुन्हा लॉग-इन केल्यावर तो लाल झाला आणि त्याच्याखाली दोन चिमुकले चेहरे उमटले. काल घाईत तिनं खाली पाहिलंच नव्हतं. एक चेहरा तिचा होता.

दुसरा पालवीचा होता. शेजारची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. परीक्षेमुळे आईनं तेव्हा निहिराचा कट्टा बंद ठेवला होता, म्हणून तिला हे कळलंच नव्हतं.

"म्हणजे तिलाही जायचंय?"

"ते बदामावरून कळत नाही. त्यांनाच विचारा."

निहिरा तडक पालवीच्या घरी गेली. पालवीनं दार उघडलं ते फुगलेल्या गालांनीच.

"बदाम तूही दाबला होतास," निहिरा म्हणाली.

"दाबला. पण तुला सोडून जायचं नव्हतं, म्हणून अर्ज नाही भरला. तू मात्र निघालीस असं वाटलं."

"मीही नाही भरला. तुला कसं सांगू, तेच कळत नव्हतं."

दोघी पायरीवर टेकल्या. निहिराला केवढं तरी हलकं वाटलं. पालवीनं चंद्रशाळेचं पान उघडायला घेतलं आणि मध्येच थांबून आधी कट्ट्यातून लॉग-आउट केलं.

"आपण अर्ज वाचतोय हे आपल्या आयांना आपणच सांगू," ती म्हणाली.