मध्यस्थाला वगळून

दहाच्या ठोक्याला वैजयंती टिळेकरने मंगळावर एक ओळ पाठवली: शुद्धियंत्र पुन्हा सुरू कर. जुन्नरजवळच्या त्या संपर्ककेंद्रात बारा वर्षं ती हेच काम करत होती. पलीकडच्या तळावर तिचा धाकटा भाऊ हेरंब एकटाच होता. हवा शुद्ध करणारं यंत्र बंद पडलेलं, तिथला कळफलक जळालेला, म्हणजे जे करायचं ते इथूनच. श्वास घेण्याजोगी हवा दहा पन्नासपर्यंत पुरणार होती. ओळ पोहोचायला अठरा मिनिटं, यंत्र तापायला तीस. दोन मिनिटं हाताशी राहत होती.

पडद्यावर क्षणात उत्तर उमटलं: यंत्र सुरू.

"हे मंगळाचं उत्तर नव्हे," ती शेजारच्या बोरवणकर सरांना म्हणाली. ही नवी मध्यस्थ-यंत्रणा त्यांनीच बांधली होती.

"नव्हेच. मध्यस्थाचा अंदाज आहे तो. दर ओळीला छत्तीस मिनिटं ताटकळत बसलात तर कामं करणार कधी? म्हणून तो तळाच्या वतीने बोलतो आणि खरी ओळ पुढे धाडतो. तीच ओळ दोनदा आली, तर दुसरी गिळून टाकतो."

सर चहा आणायला गेले. वैजयंतीच्या मनात मात्र ते गिळणं रुतून बसलं. काल चाचणीत तिने अक्षरन् अक्षर हीच ओळ पाठवली होती. मध्यस्थाने आजचीही तीच समजून गिळली असली तर? मध्यस्थाने काय पुढे धाडलं याची नोंद फक्त सरांना उघडता येई. तिला धीर धरवेना. तिने पडद्यावर नवी खिडकी उघडली. मध्यस्थाची मांडणी ज्या खिडकीत केली तिच्यापुरतीच असते, नवी खिडकी थेट मंगळाशी बोलते, हे तिथल्या प्रत्येकाला तोंडपाठ. दहा सातला तिने तीच ओळ थेट धाडली, आणि तिला केवढं हलकं वाटलं.

सर परतले, त्यांनी नोंद उघडली. "गेलीय गं तुझी ओळ, दहालाच. कालच्या ओळी तो दिवस संपताच पुसतो."

"सर, मी आणखी एक पाठवली. थेट."

त्यांनी कप खाली ठेवला. "पुन्हा सुरू कर, हीच?"

"हीच."

"तापत्या यंत्राला ती मिळाली, की ते आधी बंद पडेल. मग पहिल्यापासून तीस मिनिटं."

दहा पंचवीसला बंद, दहा पंचावन्नला तयार. वैजयंतीला आकडे मांडावेही लागले नाहीत. "तिला थांबवा, सर."

"कशाने थांबवू? आता काहीही पाठवलं तरी ते तिच्याच वेगाने जाणार, तिच्या मागून."

तरीही ती ओळींमागून ओळी पाठवत राहिली. सरांनी तिला अडवलं नाही. 

मग हेरंबचा आवाज आला, हसरा.

"ताई, यंत्र गुरगुरायला लागलं बघ. तू म्हणालीस तसा निपचित पडून आहे, बोटही हलवत नाही. पन्नासपर्यंत हवा सहज पुरेल. बाबांना फोन करून सांग, मी ठीक आहे."

निरोप दहा अठराचा होता. भिंतीवरच्या घड्याळात दहा छत्तीस झाले होते, आणि तिची दुसरी ओळ पोहोचून अकरा मिनिटं उलटली होती.