खुंटीवरचा टॉवेल

"माझा चहा संपायच्या आत तू कप विसळून ठेवतेस," असं नवरा तिला नेहमी चिडवायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ती शाळेतली ग्रंथपाल. कुठलीही वस्तू बाहेर पडलेली तिला खपत नसे. सुट्टीत दोघं खडकाळ किनाऱ्यावरच्या त्या गावात पोहायला आणि समुद्र बघायला गेली, तरी हाताची खोड थोडीच घरी राहणार!

पोहायची जागा कड्याच्या पायथ्याशी होती. वर यायला एकच जाड दोर. खाली उतरणाऱ्याने आपला टॉवेल कड्यावरच्या खुंटीला लावायचा आणि वर आल्यावरच काढायचा. संध्याकाळी खुंट्या रिकाम्या दिसल्या की म्हातारा राखणदार दोर ओढून घेई.

"दुसऱ्याच्या टॉवेलला हात लावायचा नाही," त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या संध्याकाळी ती आधी वर आली. नवरा अजून डुंबत होता. वारा सुटला, त्याचा टॉवेल फडफडायला लागला. उडून जाईल म्हणून तिने दोन्ही टॉवेल उचलले, खोलीवर नेले आणि घड्या घालून पलंगावर ठेवले. दुसरी घडी हातावेगळी झाली तेव्हा आपण काय करून बसलो ते तिला उमगलं.

ती अनवाणी धावत सुटली. अंधारून आलं होतं, भरतीच्या लाटा खडकांवर आपटत होत्या. वाटेत राखणदार भेटला.

"दोर?"

"ओढला की. खुंट्या रिकाम्या होत्या."

"अहो, हे खाली आहेत!"

दोघं कड्यावर पोहोचली. नवरा तिथेच बसला होता, कुडकुडत. दोर खाली सोडलेला होता. तिला रडूच कोसळलं.

"बरं झालं, दोर टाकलास," तो म्हणाला. "पण एवढ्या हाका मारल्या... बोलली का नाहीस?"

"मी... मी आत्ता येतेय."

त्याच्या अंगाभोवती एक जुनाट टॉवेल होता, मिठाने पापडासारखा कडक झालेला.

"हा कुठून घेतलात?" राखणदाराने हळूच विचारलं.

"खुंटीला होता. माझा दिसेना, म्हणून..."

राखणदाराने दोर ओढून पाहिला. दोर हलेना. खाली कोणी लटकल्यासारखा तो ताठ होता आणि कड्याच्या कडेवर घासत होता.

"परत लावा तो," म्हातारा कुजबुजला. "आधी परत लावा!"

तिने टॉवेल खुंटीला लावला. दोर सैल पडला. नवऱ्याचा हात घट्ट धरून ती खोलीवर आली. आता सामान भरायचं आणि इथून निघायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दार तिने घाईत उघडंच टाकलं होतं. पलंगावर टॉवेल होते, तिच्याच पद्धतीने घड्या घातलेले. एकावर एक, तीन.

सगळ्यात वरचा मिठाने कडक झालेला होता. टॉवेल काढायचा, तो वर आल्यावरच.