उसाचं दुसरं टोक

“थांबा. पुढं बाभळीचे काटे हायत.”

अनोळखी आवाज. मी किटली सावरत थांबले. डेअरीची वाट माझ्या पायांना पाठ होती. पण करोनाच्या भीतीनं गावानं ती काटे टाकून बंद केली, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी जन्माची आंधळी. रोज शेजारच्या वत्सलाकाकूंच्या कोपराला धरून जायचे. आता कोपर द्यायलाही माणसं भीत होती. माझा भाऊ अभिमन्यूदादा म्हणायचा, दूध मी घालतो, तू घरी बस. एकदा बसले असते ना... तर करोना गेल्यावरही मला कुणी उठवलं नसतं.

“हात देता का?” मी विचारलं.

“दिला असता. पण मी ऊसतोडीवरनं आलोय, चौदा दिस शाळेत वेगळं ठिवलं हुतं, कालच सोडलं. लोक लांबनं जातेत.” तो घुटमळला. “हे धरा.”

हातात ऊस आला. चांगला पुरुषभर लांब, शेवटच्या फडातला. तो पुढं, मी मागं, मधे ऊस — शेताच्या बांधानं डेअरी गाठली. त्याचं नाव उत्तरेश्वर. दुसऱ्या दिवशी तो आपणहून दारात आला, मग रोजच. कडुनिंब कसा मोहरलाय ते सांगायला लागला, तर मी म्हटलं, मोहराचा वास येतो मला, भांडण कुणाच्या दारात चाललंय ते सांगा. तो हसला, की ऊस हलायचा. धार काढताना मी गुणगुणायचे —

पल्याडच्या टोकाला कोण चालतो गं बाई,
हसणं त्याचं माझ्या तळहातामधी येई.

पुढं पुढं बोटांना कळायला लागलं. पेरं कमी होत होती.

“ऊस आखूड होतोय,” मी म्हटलं.

“वाळलेलं पेर छाटावं लागतंय.”

“कावून? माझं टोक तर हाय तसंच हाय.”

पलीकडनं ऊस लई वेळ हलत राहिला.

पावसाळा सरता सरता काटे निघाले, वाटेकडेला ढीग लागला. वत्सलाकाकूंनी कोपर पुढं केलं. मी म्हटलं, काकू, तुमी व्हा पुढं. त्या दिवशी ऊस वीतभरच उरला होता, आणि तो हलत नव्हता.

“ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला,” उत्तरेश्वर म्हणाला. “औंदा बायको करून जोडीनं ये म्हणतो. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता, एकट्याला अर्धा कोयता म्हणतेत आमच्यात.”

“मी फडात येणार न्हाई,” मी सरळ सांगितलं. “दोन म्हशी हायत माझ्या, तिसरी घेऊ. तुमीच ऱ्हावा इथं.”

“मला... धार काढता येत न्हाई.”

“शिकवीन. पण हाताला हात लावावा लागंल. चालंल?”

त्यानं ऊस माझ्या बोटांतून सोडवून घेतला, काट्यांच्या ढिगात पडल्याचा आवाज आला. मग हात आला — कोयत्यानं घट्टे पडलेला, घामेजलेला.

मी तो घट्ट धरला. आणि डेअरीच्या वाटेला मीच पुढं झाले.