निळं पडलेलं विमान

"माझ्या विमानाचा खून झालाय, ताई," धुडकू निकम म्हणाले आणि धपकन खुर्चीत बसले.

दत्तूमामांनी लगेच वहीत 'खून' लिहिलं. ट्रॅफिक पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झाल्यावर ते हर्षदा सोनवणेच्या हाताखाली तपासाचं काम करू लागले, त्याला तीन वर्षं झाली होती. सुरतेतल्या उधन्यात फरसाणाच्या दुकानावर असलेल्या त्या ऑफिसात बहुतेक लग्नाआधीच्या चौकशा येत. खून पहिल्यांदाच आला होता.

"विमान केवढं?" हर्षदानं विचारलं.

धुडकूंनी दोन्ही हात फाकवले. दीड हात. मामांनी मुकाट्यानं 'खून' खोडला.

"प्लास्टिकचं. दोनशे चाळीस तुकडे जोडून केलंय. पाण्यावर उतरणारं, चार इंजिनांचं. आज चार वाजता दिंडोलीच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे आणि आजच..." ते थांबले आणि वर पाहत म्हणाले, "ताई, ट्यूबलाइट नवी लावली का? गेल्या वर्षी आलो तेव्हा एवढी पांढरी नव्हती."

"चार वर्षं तीच आहे," मामा म्हणाले. "बदला म्हणून मीच मागे लागलोय."

हर्षदा पाहुण्याला न्याहाळत होती. वय सहासष्ट. शर्टाला कडक इस्त्री, बुटांना पॉलिश. केस मात्र आठवडाभर पाणी न लागल्यासारखे चिकट. चौतीस वर्षं पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, ते रंगछटा तपासणारे शेड मास्टर होते. कापडाचा रंग नमुन्याशी जुळला की नाही, हे ते डावा डोळा मिटून एका नजरेत सांगत, आणि त्यांनी मान हलवली तर हजार मीटर कापड परत रंगात जाई.

"सकाळी कपाट उघडलं. विमान जागेवर होतं. पण रंग! मी दिला होता समुद्री करडा, किटमधल्या छापील नमुन्याशी जुळवून. आता पाहतो तर निळसर! मन्हा विमानले कोणी तरी परत रंग दिधा, ताई!" रागावले की त्यांची अहिराणी बाहेर येई.

"त्याआधी कपाट कधी उघडलं होतं?"

"पंधरा दिवस झाले असतील. आठवडाभर बारडोलीला बहिणीकडे होतो. मग कानबाईच्या सणाची साफसफाई, माडीवर गेलोच नाही."

"संशय कोणावर?"

धुडकूंनी मान खाली घातली. "लक्ष्मण शिंदे. कपाटाची दुसरी चावी त्याच्याकडेच असते."

लक्ष्मण शिंदे लातूरकडचे, यंत्रमाग दुरुस्त करणारे लूम-फिटर. चोवीस वर्षं दोघांची जोडी होती. लक्ष्मणनं तुकडे जोडायचे, धुडकूंनी रंग द्यायचा. जूनमध्ये पहिल्यांदा वाजलं. रंग देऊन झाल्यावर लक्ष्मण म्हणाला, हा करडा जरा निळा मारतोय.

"लूम-फिटरनं मला रंग शिकवायचा?" धुडकू म्हणाले. "तेव्हा मी त्याला बोललो. त्याचा राग धरला त्यानं. मला खोटं पाडायला स्वतः निळं करून ठेवलं. सकाळी फोनवर तोंडावर म्हणालो मी हे."

"मग?"

"म्हणाला, आज संध्याकाळच्या बसनं लातूरला जातो, पोराकडे. कायमचा." ते बुटांच्या पॉलिशकडे पाहू लागले. "जाऊ दे. उद्या कानबाई. रोटाचे गहू मोजून ठेवलेत. यंदा त्याची मूठ घातली नाही."

मामा स्वतः धुळ्याकडचे. त्यांची पेन्सिल थांबली. कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीचे, गहू घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ मोजायचे आणि तो रोट भाऊबंदांबाहेर कोणाला द्यायचा नाही, ही खानदेशातली रीत. चोवीस वर्षं निकमांच्या घरी लातूरच्या शिंद्याच्या नावानं मूठ पडत होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"तुम्हाला माझ्याकडून काय हवंय, काका?" हर्षदानं हळूच विचारलं.

"त्यानंच केलं याचा पुरावा." धुडकू उठले, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "नाहीतर त्यानं नाही केलं याचा. तो मिळाला तर फारच बरं होईल, ताई."

*

दिंडोलीतल्या घरी, माडीवरच्या खोलीत, काचेच्या कपाटात ते विमान उभं होतं. दत्तूमामांचा आ वासला. इंजिनाच्या टोपणावरचे खिळेसुद्धा मोजून घ्यावेत असे.

"करडंच तर आहे," ते कुजबुजले.

"मामा, तुम्ही लाल आणि हिरव्यापलीकडे कधी पाहिलंय का?" हर्षदा भिंग काढत म्हणाली.

पंखांवर पांढरे आकडे होते. काका म्हणाले, ते पाण्यात भिजवून चिकटवायचे असतात, रंग वाळल्यावर, सगळ्यात शेवटी. भिंगाखाली आकड्यांच्या कडा साफ होत्या. त्यांच्यावर रंगाचा एक ठिपका नव्हता. कपाटाला रंगाचा वासही नव्हता. विमानाच्या शेपटापासून वैमानिकाच्या खोलीच्या छतापर्यंत केसाहून बारीक तार ताणलेली होती.

"रंगाचा नमुना ठेवता का तुम्ही?"

"ठेवतो म्हणजे! प्रोसेस हाऊसची सवय." धुडकूंनी ट्रंकेतून जाड वही काढली. रंग कालवला की प्लास्टिकची एक पट्टी त्यात बुडवायची, वाळली की वहीत चिकटवायची, तारीख घालायची आणि सही अर्धी पट्टीवर, अर्धी कागदावर करायची. पट्टी कोणी बदलली तर सही तुटणार.

सहा जूनचं पान उघडलं. हर्षदानं वही विमानाशेजारी धरली. रंग तंतोतंत एक.

धुडकूंनी डावा डोळा मिटून पाहिलं आणि ओरडले, "ही पट्टीपण निळी! म्हणजे वहीसुद्धा बदलली त्यानं!"

"सही?"

त्यांनी सही पाहिली. पुन्हा पाहिली. ती त्यांचीच होती, आणि कुठे तुटलेली नव्हती.

"खोटी सही," जिना उतरताना मामा ठामपणे म्हणाले. "कलम मी शोधून ठेवतो."

*

धुडकूंच्या पत्नी सुंदराबाई स्वयंपाकघरात मांड्यांच्या पुरणाची डाळ निवडत होत्या. शेजारी परातीत गव्हाची छोटी रास होती, वर हळदकुंकू.

"माडीवर कोणी आलं होतं का, काकू?"

"मॉडेलच्या दुकानातला गणेश आला होता सोमवारी, विमानाखालची लाकडी फळी द्यायला. लक्ष्मणभाऊ नाही आले. यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ना, बारडोलीला जातो म्हणून." त्यांनी डाळीतला खडा जरा जोरातच फेकला. "आल्यापासून नुसती किरकिर. म्हणे धोतराला नीळ फार घालते. अहो, नीळ वापरणं मी दिवाळीपासूनच बंद केलंय!"

"बारडोलीला नणंदेकडे काही कार्य होतं का?"

सुंदराबाईंचा हात थांबला. "उद्या कानबाई, बाई. आज खोटं बोलवत नाही. म्हणून मी बोलतच नाही."

त्या परत डाळ निवडू लागल्या. हर्षदा मात्र हसत बाहेर आली.

*

गणेशचं मॉडेलच्या सामानाचं दुकान चौकातच होतं. तिशीतला, सुरतेतच जन्मलेला, मराठीत गुजराती मिसळणारा. त्याचा रणगाडाही आज स्पर्धेत होता.

"मी कशाला बगाडू?" तो कळवळून म्हणाला. "काका तर माझे गुरु छे! सोमवारी फळी ठेवली अने निघालो. काचेतून पाहिलं, विमान बराबर होतं. पहिल्यासारखंच."

"निळं नाही वाटलं?"

"ग्रे एटले ग्रे, बेन. मला एवढं कुठे समजतं! पण काका हल्ली एकदम हिरो. एवढं ढगाळ, तरी काळा गॉगल. मी विचारलं तर म्हणे मोपेडवर धूळ लागते. मी म्हटलं, काका, तुम्ही तर चालत आलात!"

दत्तूमामा पोट धरून हसले. हर्षदानं फक्त घड्याळात पाहिलं. दोन वाजले होते.

*

लक्ष्मण शिंदे पिशवी भरत होते. कपडे थोडे, चिमटे आणि कानशीच जास्त.

"चावी ही घ्या," ते म्हणाले. "मी कशाला हात लावू? ते विमान जूनपासनंच निळं हाय. मी तवाच म्हणलो, तर मलाच शिव्या. आन् आज इचारतो, निळं कुणी केलं! अडीच महिन्यानं दिसलं व्हय ह्याला?"

हर्षदा एकदम ताठ बसली. "काय म्हणालात? परत म्हणा."

"अडीच महिन्यानं दिसलं व्हय, म्हणलं."

"आणि ती वरची तार?"

शिंद्यांचा चेहरा नकळत खुलला. "तार न्हाई, लुमावरच्या धाग्यातला एक तंतू हाय. दोन दिस लागले ताणायला. फुंकर मारली तर तुटंल. तिच्याखालनं ब्रश फिरवून दाखवा कुणी, नाव बदलतो."

मामांनी तिला बाजूला घेतलं. "ताई, याच्याकडे चावी, याच्याकडे राग, आणि तंतूही हाच परत लावू शकतो. अटक?"

"अटक नाही, मामा. बसचं तिकीट काढून घ्या त्यांच्या खिशातून, आणि त्यांना निकमांच्या घरी घेऊन या. उचलून आणावं लागलं तरी चालेल."

*

तीन वाजता माडीवर सगळे जमले. एका कोपऱ्यात धुडकू, दुसऱ्या कोपऱ्यात शिंदे. दोघांनीही छताकडे पाहायचं ठरवलं होतं. गणेश विमान न्यायला खोकं घेऊन आला होता. सुंदराबाई दारात उभ्या होत्या.

"विमानाला कोणीही परत रंग दिलेला नाही," हर्षदानं सुरुवात केली. "आकडे रंगाच्या वर आहेत. तंतू जागेवर आहे. हे सगळं काढून कोणी परत लावलं असं क्षणभर धरू. पण सहा जूनच्या पट्टीवर काकांची अखंड सही आहे, आणि ती पट्टी विमानाच्याच रंगाची आहे. म्हणजे विमान पहिल्या दिवसापासून असंच आहे."

"मी असा निळा रंग देईन?" धुडकू कडाडले. "चौतीस वर्षं..."

"विमान बदललं नाही, पट्टी बदलली नाही. पण तुमच्यासाठी आणखीही काय काय बदललंय, काका! चार वर्षांची ट्यूब नवी वाटते. धोतरात नसलेली नीळ दिसते. सगळं जगच पांढरं, निळं झालंय. इतकं सगळं एकदम बदलत नाही. बदललंय ते एकच."

 मामांची पेन्सिल हवेतच होती.

"ढगाळ हवेत काळा गॉगल. एवढा टापटिपीचा माणूस, आणि कानबाईच्या तोंडावर डोक्यावरून पाणी घेतलेलं नाही, कारण पाणी डोळ्यात जायला नको. ज्याचा या कपाटात जीव, त्यानं पंधरा दिवस ते उघडलं नाही, कारण बारीक काम बंद. बारडोलीला बहीण असेलही. पण तुम्ही गेला होता मोतीबिंदू काढायला. खरं ना, काकू?"

"मला शपथ घातलीय," सुंदराबाई म्हणाल्या. "न बोलण्याची. मान हलवायची नाही घातली." आणि त्यांनी जोरजोरात मान हलवली.

"मोतीबिंदू म्हणजे नुसतं धुकं नसतं, काका. डोळ्यावर पिवळट काच बसवल्यासारखं असतं ते. त्यातून निळं नीट कळत नाही. ही काच वर्षानुवर्षं हळूहळू चढते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. जूनमध्ये तुम्ही रंग जुळवला तो त्या काचेतून."

"खोटं," धुडकू म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

हर्षदानं किटमधला छापील नमुना विमानाच्या पंखावर ठेवला. "ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालंय. नमुना तुम्ही नेहमी डावा मिटूनच बघता, म्हणून कळलं नाही. आज उलटं करा. उजवा झाका, डाव्यानं बघा."

धुडकूंनी तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला आणि वाकून पाहिलं.

विमान करडं होतं. नमुनाही करडा. अगदी जूनमधल्यासारखे दोन्ही जुळलेले.

त्यांनी हात दुसऱ्या डोळ्यावर नेला. विमान निळं. परत इकडे. करडं. चार-पाच वेळा त्यांनी असं केलं. मग ते खाली बसले.

"डोळ्यावर घर चाललं माझं," ते म्हणाले. "लोक म्हणतील धुडकूचा डोळा गेला. म्हणून कोणाला सांगितलं नाही. आणि मी..." ते शिंद्यांकडे वळले. "लक्ष्मण, तुन्हं खरं व्हतं. मी तुला चोर म्हटलं. मला माफ कर, भाऊ."

 शिंद्यांनी नाक ओढलं.

"आपरेशनला एकटाच गेलास," ते रागानं म्हणाले. "डब्बा कुणी आणला तुला? मी काय मेलो होतो?" आणि ते धुडकूंच्या शेजारी जाऊन बसले.

सुंदराबाईंनी पदर डोळ्याला लावला. दत्तूमामा खिडकीबाहेर ट्रॅफिक नसलेल्या गल्लीत ट्रॅफिक पाहू लागले.

"पण आता प्रदर्शनाचं शुं?" गणेश म्हणाला. "रंग बदलायला तो टाइम नथी."

"बदलायचा कशाला?" शिंदे म्हणाले. "पाण्यावरचं इमान हाय. थोडं निळं चालतंय."

धुडकूंनी वही ओढली आणि सहा जूनच्या पट्टीखाली, जिथे रंगाचं नाव लिहायची जागा होती, तिथे ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'मोतीबिंदू करडा'. सगळे असे हसले की खालून शेजारीण विचारायला आली.

खोकं उतरवताना धुडकू स्वयंपाकघरापाशी थांबले. हात धुतले, परातीसमोर बसले, गव्हाच्या डब्यात हात घातला आणि मूठ भरून राशीवर सोडली. मग वर पाव मूठ.

"कोणाची हो ही?" सुंदराबाईंनी मुद्दामच विचारलं.

"विसरलेली," धुडकू म्हणाले. "दत्तूमामा, ते बसचं तिकीट फाडा."

मामांनी खिशातून तुकडे काढून दाखवले. ते त्यांनी तीन वाजण्याआधीच फाडलं होतं.