पोट भरलं की सांगा

हे माझ्या सख्ख्या भावाचं आहे. रचून सांगितलं असतं तर लाज वाटली असती. खरं सांगताना त्याहून जास्त वाटते आहे. तरी सांगते.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. दुसरा शनिवार. पर्थच्या उत्तरेला, जूनडलपच्या तळ्याकाठची बाग. वेळ सकाळी अकराची.

हो, सकाळी अकराची. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट म्हणजे थंडी, पण लख्ख ऊन होतं, शंभरेक माणसं होती, मुलं रग्बीचा चेंडू फेकत होती. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मी रायकी. रायकी वर्माक. मी आणि माझा थोरला भाऊ वेसेल, दक्षिण आफ्रिका सोडून इथे आलो त्याला वीस वर्षं झाली. इथल्या आमच्या लोकांचं महिन्याचं बातमीपत्र मी काढते. सहा पानं. कुणाला मूल झालं, कुणाला नागरिकत्व मिळालं, चांगलं सुकं मांस कुठे मिळतं, आणि शेवटच्या पानावर इथलं-तिकडचं कोण गेलं. ते शेवटचं पान सगळे आधी वाचतात. कबूल कुणी करत नाही.

त्या शनिवारी आमची पोइकीची स्पर्धा होती. पोइकी म्हणजे तीन पायांचं, गोल पोटाचं बिडाचं भांडं. खाली निखारे, आत थरावर थर. कांदा, मटण, बटाटे, सर्वांत वर गाजरं. नियम दोनच. आत डाव फिरवायचा नाही आणि पंचांआधी झाकण उघडायचं नाही. जो उघडेल त्याची पुढे वर्षभर टिंगल होते.

वेसेल चार वर्षं ओळीनं जिंकला होता. म्हणून ऑगस्टच्या अंकात मी त्याच्यावर अर्धं पान लिहिलं. 'आमच्या आजीचं भांडं, आजीच्या हातची चव.'

धादांत खोटं.

भांडं सेलिनाचं होतं.

क्रॅडॉकच्या पुढे, कारूच्या माळावर आमचं शेत होतं. तिथे सेलिना एकतीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरात होती. आई कायम आजारी. आम्हाला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, कान पिळले ते सेलिनानं. ते भांडं तिच्या आईचं. कामाला आली तेव्हा ती डोक्यावर घेऊन आली होती. एक पाय मोडून सांधलेला. आमचा स्वयंपाक ती आमच्या भांड्यांत करायची, पण रविवारी मागच्या अंगणात तिचं भांडं चढायचं आणि आम्ही दोघं आमची ताटं टाकून तिकडे पळायचो.

शिजलं की ती लोखंडी डावानं झाकणावर तीन ठोके द्यायची. टण्. टण्. टण्. म्हणजे हात धुवा आणि या.

आम्ही देश सोडला त्या दिवशी सामानाचा ट्रक दारात उभा होता. वेसेलनं ते भांडं चादरीत गुंडाळून खोक्यात घातलं.

"धाकटे मालक, ते माझं आहे," सेलिना म्हणाली. बाबा थोरले मालक, म्हणून वेसेल धाकटे.

"अगं, तुला नवं घेऊन देतो. याचा पाय तरी बघ. काय करणार आहेस याचं?"

"तुम्ही काय करणार आहात?"

वेसेल हसला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"रायकी, तू सांग ना त्याला."

माझ्या हातात सामानाची यादी होती. मी यादीत तोंड खुपसलं आणि लिहिलं, 'बिडाचं भांडं, एक. घरचं.'

ती ओरडली नाही की रडली नाही. एप्रनला हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "न्या. खा तुम्ही. पोट भरलं की सांगा मला."

नवं भांडं आम्ही कधीच पाठवलं नाही.

गेल्या जुलैत आमच्या चुलतभावाचा, बॅरेंडचा, तिकडून निरोप आला. 'जुनी सेलिना गेली. मागच्या आठवड्यात पुरलं.' मी थोडी रडले. मग अंकाचं शेवटचं पान लावायला बसले. तीन नावं घेतली. तिचं घेतलं नाही. खाली खाटकाच्या दुकानाची जाहिरात होती, जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. भांड्याला मात्र अर्धं पान मिळालं.

आता त्या शनिवारचं.

अकरा वाजेपर्यंत बारा भांडी चढली होती. बागभर मटणाचा वास सुटला होता. वेसेल आपल्या भांड्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता. आमच्या मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ, ऊम सारेल, पंच होते. ऊम म्हणजे काका. वयानं मोठ्या प्रत्येक पुरुषाला आम्ही ऊमच म्हणतो. ते कुत्र्याला घेऊन एकेक भांडं हुंगत फिरत होते. आमच्यापाशी थांबले.

"काय रे वेसेल, आत काही घातलंयस ना? का नुसतं भांडं ऊन खातंय?"

"ऊम, तुमचं नाक म्हातारं झालंय."

"माझं झालं असेल. याचं कसं होईल? दोन वर्षांचा आहे."

कुत्रा दहा पावलं मागे बसला होता. अंगावरचे केस उभे. पुढे यायला तयार नव्हता.

मी वाकून वास घेतला.

भांडं रटरटत होतं, झाकणाच्या कडेनं वाफ येत होती... आणि वास नव्हता. मटणाचा नाही, कांद्याचा नाही. कसलाच नाही.

बारा वाजले. मी दुसऱ्यांच्या चुलीपाशी गप्पा मारत उभी होते.

आणि...

टण्.

टण्.

टण्.

मी गप्पा अर्ध्यावर सोडून नळाकडे निघाले. हात धुवायला. नळापाशी पोचल्यावर कळलं की मी काय करते आहे. शेजारी वेसेल उभा होता. त्याचेही हात ओले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वीस वर्षांत आम्ही तिचं नावही काढलं नव्हतं. तेव्हाही काढलं नाही.

"कुणीतरी चेष्टा करतंय," तो म्हणाला.

पण भांड्याजवळ कुणीच नव्हतं. डाव खुर्चीवर होता, तिथेच.

एक वाजता ऊम सारेलनी झाकण उचललं. वर गाजरांचा थर, नुसता चित्रासारखा. लोक वाहवा म्हणाले. ऊमनी डाव घातला...

डाव थेट तळाला जाऊन आपटला.

गाजरांखाली काही नव्हतं. तीन किलो मटण, बटाटे, रस्सा, काही म्हणजे काही नाही. करपलेलं नव्हतं. सांडलेलं नव्हतं. तळ पावानं पुसून खाल्ल्यासारखा स्वच्छ होता. एवढा वेळ रटरट कसली झाली, ते आजही मला कळलेलं नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "वेसेल, आजी येऊन जेवून गेली वाटतं."

सगळे पोट धरून हसले. आम्ही दोघं नाही.

त्या संध्याकाळपासून वेसेलला भूक लागली.

तुम्ही म्हणाल, भूक काय सगळ्यांना लागते. तशी नाही. एका बैठकीत आठ अंडी, अख्खा पाव, वर भात. आणि पाच मिनिटांनी फ्रिज उघडून उभा. पहिल्या महिन्यात आम्ही हसलो. दुसऱ्या महिन्यात त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला. तीन डॉक्टर झाले. रक्त तपासलं, पोटात नळी घालून पाहिलं. सगळं ठीक. शहाण्णव किलोचा माझा भाऊ नोव्हेंबरमध्ये अठ्ठावन्नवर आला. खात होता आणि झिजत होता.

त्याची बायको लिझेल मला फोन करायची. "रायकी, आज पुन्हा. बरोबर बाराला उठला, हात धुतले आणि जेवायला येऊन बसला. मी म्हटलं, अरे अजून काही शिजलेलं नाही. तर म्हणतो, हाक आली."

"कुठून?"

"गॅरेजमधून."

भांडं गॅरेजमध्ये होतं.

"मलाही ऐकू आलं," ती हळूच म्हणाली. "तीनदा."

मी त्याच दिवशी गेले. वेसेल पलंगावर होता, मांडीवर भाताचं पातेलं.

"मी खरं छापते," मी म्हटलं. "भांडं तिचं होतं म्हणून. तिच्या नावानं."

"आणि लोकांना काय सांगणार? वर्माक घराणं भांडीचोर?"

"आहोतच की."

"तू छापून बघ. भाऊ मेला म्हण."

"ते म्हणायची वेळ तूच आणतोयस."

त्यानं पातेल्यातला घास तोंडात घातला. माझ्याकडे पाहिलंही नाही. मला त्याचा राग आला, पण खरं सांगते, आतून सुटल्यासारखंही वाटलं. यादी माझ्या अक्षरात होती ना.

डिसेंबरच्या मध्यावर लिझेलनं फोन त्याच्या कानाला धरला. आवाज पार खोल गेला होता.

"छाप, सुस," तो म्हणाला. लहानपणानंतर पहिल्यांदा त्यानं मला सुस म्हटलं. बहिणाबाई. "सगळं छाप. लवकर."

मी टेबलाशी बसले. लिहिलं, 'वर्माकांच्या घरचं म्हणून आम्ही मिरवलेलं बिडाचं भांडं मुळात सेलिना...'

आणि हात थांबला.

सेलिना कोण? पुढे काय?

एकतीस वर्षं. तिनं मला चालायला शिकवलं. मला तिचं आडनाव माहीत नव्हतं. वेसेलला विचारलं, त्यालाही नाही. आईच्या पत्रांत, फोटोंच्या मागे, सगळीकडे नुसतं 'सेलिना'. मी बॅरेंडला फोन लावला.

"आडनाव?" तो म्हणाला. "अगं, सेलिना तरी तिचं नाव कुठे होतं?"

"म्हणजे?"

"आपल्या आजीच्या वेळी आधी एक बाई होती कामाला. ती सेलिना. ती गेल्यावर ही आली. हिचं नाव आजीच्या जिभेवर बसेना. म्हणून आजी म्हणाली, स्वयंपाकघरातली ती सेलिनाच."

मी पेन खाली ठेवलं.

"मग हिचं खरं नाव?"

"कुणी विचारलंच नाही, रायकी. तू विचारलं होतंस?"

मी त्याला कबरीवर पाठवलं. मातीचा ढीग, भोवती दगड, पाटी नाही. तिची माणसं काम शोधत कुठल्या कुठे पांगलेली. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, वर्माकांची सेलिना. आमचंच आडनाव लावलं त्यांनी तिला.

मी तसंच छापलं. 'सेलिना'. पहिल्या पानावर, माफीसकट, यादीसकट. ऊम सारेलचा फोन आला, म्हणाले, बरं केलंस पोरी. अंक घरोघरी गेला त्या दुपारी बारा वाजले आणि गॅरेजमधून आवाज आला नाही. लिझेल फोनवर रडली. वेसेलनं वाटीभर पेज घेतली आणि नको म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदा नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाराला...

टण्. टण्. टण्.

लिझेल म्हणाली, या वेळी जोरात होतं. कुणी रागानं आपटावं तसं.

माझ्या चुकीचं मला तेव्हाच कळलं. मी तिचं नाव छापलंच नव्हतं. आम्ही तिला चिकटवलेलं दुसऱ्याच बाईचं नाव पुन्हा एकदा, मोठ्या अक्षरात छापलं होतं.

वेसेल फेब्रुवारीत गेला. त्याचा हात हातात घेतला तर नुसती हाडं लागली. शेवटचं बोलला ते एवढंच. "भरलं नाही गं, सुस."

त्याचं नाव मी शेवटच्या पानावर घेतलं. जागा पुरेशी होती.

अंत्यविधी झाल्यावर लिझेलनं भांडं माझ्या दारात आणून ठेवलं. आत आली नाही. "तुमच्या घरचं आहे ना," म्हणाली. "तूच ठेव."

तिकडे परत पाठवायचं ठरवलं, तर कुणाकडे? टाकून द्यायला मात्र हात धजत नाही.

त्या भांड्यातलं मीही वीस वर्षं खाल्लं आहे. वेसेलइतकंच.

गेल्या मंगळवारपासून माझ्या घरात कशालाच वास येत नाही. कॉफीला नाही, तळलेल्या कांद्याला नाही. आज मी दोनदा जेवले. लिहिता लिहिता आणखी अर्धा पाव संपला आहे.

क्रॅडॉकच्या बाजूचं कुणी हे वाचत असेल, त्या माळावर कुणाची आई, मावशी, आजी वर्माकांकडे कामाला असेल, तर मला कळवा. तिची आई तिला कोणत्या नावानं हाक मारायची, एवढंच कळवा.

बारा वाजले. आत्ताच ठोके पडले. मी हात धुऊन आले आणि झाकण उघडलं. भांडं रिकामं आहे. आज मी त्याच्याशी बोलायचं ठरवलं होतं. पोट भरलं की सांगा म्हणाली होती ना ती.

तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले. हाक कोणत्या नावानं मारू?