वईतलं भगदाड

त्या चैत्रात चंद्रकांता तिसऱ्यांदा पालघरच्या बाजारातून मेंदीची रोपं घेऊन आली, तेव्हा एस.टी.चा कंडक्टरसुद्धा हसला. म्हणाला, "बाई, अख्खं एडवण मेंदीनं झाकणार काय?" चंद्रकांतानं रोपांची जुडी मांडीवर ओढून घेतली. तिच्या डोक्यात एकच माणूस होतं. शेजारची गोजराबाई.

दोन घरांच्या मधे मेंदीची वई होती. कमरेइतकी उंच, आणि इतकी दाट की कोंबडीचं पिल्लू पलीकडं जायचं नाही. चंद्रकांताच्या सासऱ्यांनी ते कुंपण लावलं होतं आणि तिनं वीस वर्षं राखलं होतं. पण होळी झाली आणि वईला एका जागी भगदाड पडायला लागलं. बरोबर माणूसभर रुंद. फांद्या मोडलेल्या, नवी रोपं मुळासकट उपटलेली. चंद्रकांतानं सकाळी रोपं लावावीत, बाभळीच्या काट्या रोवाव्यात, वरून सुंभानं आवळावं, आणि दुपारची जरा पाठ टेकून उठावं तर भगदाड जिथल्या तिथं.

गोजराबाईशी चार वर्षं बोलणं बंद होतं. निमित्त वीतभर जमिनीचं. म्हातारी एकटी राहायची, बोंबील-सुकट वाळवून विकायची, आणि चंद्रकांता दिसली की मान फिरवायची.

"तिचंच काम हे," चंद्रकांता नवऱ्याला म्हणाली. शांताराम होड्यांचा सुतार. बंदरावर काम करायचा आणि दुपारी जेवायला घरी यायचा. स्वभावानं अगदी थंड माणूस.

"सत्तरीची म्हातारी ती. बाभळीच्या काट्या कशा उपटंल?"

"आकस असला की माणूस डोंगर उपटतं!"

या खेपेला तिनं मेंदीच्या मधेमधे शेराचे दांडे खोचले. शेराची फांदी मोडली की पांढरा चीक येतो आणि तो अंगाला लागला की फोड उठतात. तिनं कोपरापर्यंत फडकी गुंडाळली आणि जपून एकेक दांडा लावला. 'आता मोड म्हणावं. हातच साक्ष देतील.'

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठली. भगदाड पडलेलं. शेराचे दांडे कांडक्या मोडाव्यात तसे मोडलेले, चीक ठिबकत होता. ती वईपाशी उभी राहून पलीकडं बघत राहिली. गोजराबाई ओट्यावर बसून बोंबील निवडत होती. सुरकुतलेले, काळसावळे, पण स्वच्छ हात. एक पुरळ नाही.

चडफडत चंद्रकांता घरात आली. हाताला खाज सुटली होती. दिवेलागणीपर्यंत तिच्याच दोन्ही मनगटांवर टपोरे फोड उठले.

"लावताना लागला असंल चीक," शांताराम खोबरेल लावत म्हणाला.

"लावले काल. फोड आज आले. आनि हाताला फडकी होती, तुमीच बांधून दिलीत ना?"



सकाळी चंद्रकांता उठली ती तडक भगदाडातूनच पलीकडं गेली. चार वर्षांत पहिल्यांदा. पदर खोचलेला, श्वास चढलेला.

"गोजराबाई, माझी वई कोण मोडतं?"

म्हातारीनं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. नवल होतं.

"आज बोललीस तू?"

"म्हंजे?"

"रोज येतेस, ओट्यावर बसतेस, तांब्याभर पानी पितेस. पन तोंडातून शबूद नाय. मला वाटलं, राग हाय, जाईल हळूहळू. म्हनून मीपन गप."

"मी?" चंद्रकांताचा आवाज फाटला. "मी तुमच्या दारात थुंकायलापन येत नाय!"

"मग कोण येतं, बाय? हेच लुगडं, हाच अंबाडा. भर दुपारी. समोर फाटक हाय, तरी वई मोडूनच."

चंद्रकांता पाय आपटत घरी आली आणि शांतारामवर बरसली. म्हातारी खोटारडी, म्हातारी चळलेली. शांताराम ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, "झोपेत चालतं कोणी कोणी. आज मी उशाशी बसतो."

त्या दुपारी तो खरंच बसला, हातात पंखा घेऊन. चंद्रकांता जागी झाली तेव्हा तो तसाच होता, पण पंखा हलत नव्हता.

"उठले होते मी?"

"कूसपन नाय बदललीस."

"मग वई?"

"मोडली." त्यानं पंखा खाली ठेवला. "आवाज ऐकला मी. पन तुला सोडून उठवलं नाय."

चंद्रकांताला आता भीती वाटायला हवी होती. तिला आला संताप. कुणीतरी आपला अंबाडा घालून, आपलं नाव पुढं करून, आपलीच मेंदी उपटतंय आणि शेजारणीकडं पाणी पितंय! दुसऱ्या दिवशी शांताराम जेवायला बसला तशी ती फाटकाकडून वळसा घालून गोजराबाईच्या घरात शिरली. "आत बसते मी. बघतेच तिला."

गोजराबाई उठली. तिनं आतल्या खोलीत सुकटीच्या टोपल्या सरकवून जागा करून दिली आणि स्वतः ओट्यावर जाऊन बसली.

कुडाच्या भिंतीला फट होती. चंद्रकांता तिला डोळा लावून बसली. बोंबलांचा वास नाकात, घशात भरला होता. बाहेर ऊन नुसतं पांढरं झालं होतं. कावळा नाही, कुत्रं नाही. समुद्राची गाज इतका वेळ येत होती, ती कधी थांबली ते तिला कळलं नाही. माडाची झावळी हलेना.

कड्… काड्…

वई मोडत होती. कुणी घाई करत नव्हतं. एक फांदी, मग थांबायचं, मग दुसरी.

"ये," गोजराबाई हलकेच म्हणाली.

ओट्यावर कुणीतरी बसलं. फटीतून पाठ दिसत होती. हिरवं लुगडं. खांद्यावर ठिगळ. तेच ठिगळ या क्षणी चंद्रकांताच्या खांद्यावर होतं, सकाळीच लावलेलं. मानेवरचा तीळ. तांब्या धरलेल्या मनगटांवर फोड. पाणी प्यायलं जात होतं, पण घोटाचा आवाज नव्हता.

तांब्या खाली ठेवला गेला.

"आत कोण हाय?"

आवाज चंद्रकांताचा होता.

"कोन… कोन नाय, बाय. सुकट ठेवलीय."

"श्वास ऐकू येतोय…"

"मांजर असंल."

चंद्रकांतानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ती पाठ उठली आणि आली तशी सावकाश वईकडं गेली.

गोजराबाई घाईनं आत आली. चार वर्षांचं वैर विसरून तिनं चंद्रकांताचा हात धरला. "ऊठ, बाय. घरी जा लवकर. ती तुझ्याच घरात शिरली."

चंद्रकांता धावत सुटली. गावात दिवसा कुणी दार लावत नाही. तिच्या घराचं दार बंद होतं. आतून कडी.

"अवो! दार उघडा!"

आत पावलं वाजली. फळीला तोंड लावल्यासारखा शांतारामचा आवाज आला. "कोण?"

"कोण काय? मी!"

"तू मघाशीच आलीस… कडी तूच घातलीस. म्हनालीस, माझ्या आवाजात कोणी हाक मारली तर उघडू नका."

चंद्रकांतानं दारावर थाप मारली. "कुठं हाय ती?"

"सैपाकघरात… भांडी घासतेय." त्याचा आवाज खाली आला. "एक सांग. आपल्या वरातीत गाडीचा बैल बसला होता. कुठं?"

तेव्हा मात्र चंद्रकांताचं डोकं फिरलं.

"वाणगावच्या ओढ्यात बसला! मेला उठता उठेना! आनि या वक्ताला बैलाच्या चौकशा कसल्या करताय? दार उघडा, नायतर एकेक फळी काढते! सुताराची बायको हाय मी!"

कडी निघाली.

त्याला बाजूला ढकलून ती स्वयंपाकघरात गेली. कुणी नव्हतं. मागच्या दाराला आतून अडसर होता. निम्मी भांडी घासून, विसळून पालथी घातली होती. निम्मी तशीच, आणि जमिनीवर ओली राख.

संध्याकाळी शांताराम जेवला नाही. चंद्रकांतानं दोनदा विचारलं, तेव्हा खाली बघत बोलला.

"तिलापन बैलाचं विचारलं होतं मी. कडी घातली तेव्हा, सहज… तुझं वागणं वेगळं वाटलं म्हनून."

"मग?"

"म्हनाली, वाटेतल्या माहीमला, चिंचेखाली. बरोबर हाय ते. तू चुकलीस."

चुलीतलं लाकूड तडकलं. चंद्रकांतानं ते आत सारलं. "मग मला का उघडलंत?"

"ती गोड बोलत होती गं," शांताराम म्हणाला. "तू फळ्या काढायला निघालीस."

त्या दिवसानंतर वई कधी मोडली नाही. लावलेली रोपं धरली, पावसाळ्याआधी भगदाड भरूनही आलं. गोजराबाईशी बोलणं सुरू झालं. दोघी वईच्या दोन बाजूंना उभ्या राहून बोलत, पण त्या दुपारचा विषय दोघीही काढत नसत.

ज्येष्ठात वाणगावहून तिचा भाऊ कमलाकांत आंब्याची करंडी घेऊन आला. वरातीची गाडी त्यानंच हाकली होती. आंबे पेंढ्यात लावता लावता चंद्रकांतानं विचारलं, "दादा, माझ्या वरातीत बैल बसला तो कुठं रे?"

"माहीमला. चिंचेखाली. तासभर उठला नाय."

"वाणगावच्या ओढ्यात नाय बसला?"

कमलाकांत हसला. "वैशाखात लगीन तुझं. त्या ओढ्याला वैशाखात कुठलं पानी?"

चंद्रकांता हातातला आंबा तसाच धरून बसली. तिला स्पष्ट आठवत होतं. घोट्यापर्यंत थंड पाणी, पायाखालचे शेवाळलेले गोटे, भिजून जड झालेला शालूचा काठ. आणि पलीकडच्या काठावरून तिला नावानं हाका मारणारी, हिरव्या लुगड्यातली ती बाई.